डोकी सेंटर

मे २०२५. अमेरिकेतल्या ओहायो राज्यात कोलंबस नावाचं शहर. तिथल्या एका भल्यामोठ्या हॉलमध्ये साठावर देशांतून आलेली सोळा-सतराशे पोरंपोरी आपापल्या फलकासमोर उभी. अंगात कोट, गळ्यात पट्टा, पट्ट्याला नाव. कुणाचा विषय पाण्यातलं विष, कुणाचा कॅन्सर, कुणाचा रोबो. परीक्षक येतात, हात मिळवतात, विचारतात, ही कल्पना तुला सुचली कुठून? पोरगं हसून सांगतं.

ह्या मेळ्याचं नाव इंटरनॅशनल सायन्स अँड इंजिनिअरिंग फेअर. १९५० साली फिलाडेल्फियात तीस पोरांवर सुरू झाला. १९९७ ते २०१९ त्याच्यावर इंटेल कंपनीची पाटी होती, २०२० पासून रिजेनेरॉन नावाच्या औषधकंपनीची आहे. नववी ते बारावीची पोरं. आपल्या देशातूनही दरसाल जातात. पेपरात फोटो येतो. आईबाप दोन्ही बाजूंना, मधी पोरगं, हातात तिरंगा.

त्याच मे महिन्यात माझी माय धारूर तालुक्यातल्या आमच्या वस्तीत, छपराखाली, मिठाची पुरचुंडी तव्यावर तापवून मान शेकत बसली होती. हंगामावरून परत आली की दरसाल शेकते. पहिल्या पावसापर्यंत मान जरा वळायला लागते.

ह्या दोन गोष्टींचा एकमेकींशी काय संबंध, असं विचाराल. तोच सांगायला बसलोय.

आधी एक गोष्ट साफ करतो. त्या हॉलमधल्या पोरांवर माझा राग नाही. सोळा-सतरा वर्षांचं लेकरू रात्र रात्र जागून काही बनवतं, जगापुढं उभं राहून परक्या भाषेत बोलतं, त्याला नावं ठेवणारा माणूस कोत्या मनाचा. माझं भांडण मेळ्याच्या दाराशी आहे. दार कुठल्या महिन्यात उघडतं, कुणाच्या उंचीचं आहे, आणि आत जायला कुणाची सही लागते, एवढंच मला बघायचंय.

तर नियम बघू. ह्या मेळ्याचा एक नियम असा, की प्रकल्पात जास्तीत जास्त सलग बारा महिन्यांचं काम धरलं जातं. ठीक. पण आमच्या पोरांचं वर्ष सलग असतं कुठं? त्याचे दोन तुकडे. दसरा झाला, मुकादमाचा ट्रक वस्तीवर लागला, की गाव सुटतं. कढई, गोधड्या, कोंबड्या, लेकरं, सगळं एका ट्रकात. मग सांगली, कोल्हापूर, सोलापूर, नाहीतर सरळ कर्नाटक. परत यायचं मार्च-एप्रिलात. आपल्याकडची तालुक्याची, जिल्ह्याची विज्ञान प्रदर्शनं भरतात कधी? बहुतेक दिवाळीनंतर, डिसेंबर-जानेवारीत. म्हणजे नेमका ज्या महिन्यात साखरेचा गाळप हंगाम भरात असतो त्याच महिन्यात विज्ञानाचाही हंगाम भरात असतो. दोन्हींचा भोंगा एकदमच वाजतो. कुणी मुद्दाम केलेलं नाही हे, मला माहीताय. आमची पोरं तिथं आहेत का नाहीत हे तारीख ठरवताना कुणाच्या डोक्यातच येत नाही, हेच दुखणं आहे.

दुसरा नियम. प्रत्येक पोरामागं एक जबाबदार मोठा माणूस पाहिजे. फॉर्मवर त्याची सही पाहिजे, काम नीट चाललंय ह्याची हमी पाहिजे. शहरातल्या पोरामागं बाप इंजिनिअर, मावशी प्राध्यापक, बापाचा दोस्त विद्यापीठाच्या लॅबमध्ये. आमच्या पोरामागं मोठा माणूस म्हणजे मुकादम, आणि सही म्हणजे उचलीच्या कागदावर बापाचा अंगठा.

आता डोकी सेंटर म्हणजे काय ते सांगतो, कारण तुमच्यातले बरेच दादर, पिंपरी, उल्हासनगरचे. ऊसतोडीच्या धंद्यात माणसांच्या टोळ्यांचे प्रकार असतात. बैलगाडीवाल्यांचं गाडी सेंटर, टायरच्या गाडीचं टायर सेंटर, आणि ज्यांच्याकडं बैल नाही, गाडी नाही, काहीच नाही, त्यांचं डोकी सेंटर. नवरा-बायको मिळून एक कोयता. हो, दोन माणसांना मिळून एक कोयता म्हणतात, हिशेबाच्या वहीत तसंच लिहितात. बाप तोडतो, माय पाला साळते, मोळी बांधते, डोक्यावर घेते आणि ट्रकच्या पाठीला लावलेल्या फळीवरून चढून वर टाकते. ट्रक भरत जातो तशी फळी उभी होत जाते. पहाटे चार, थंडी, पाचटावर दव, फळी ओली. शाळेच्या पुस्तकात साधी यंत्रं म्हणून धडा असतो. तरफ, कप्पी, उतरण. फळी म्हणजे उतरण, साधं यंत्र. आमच्या मायला विचारा किती साधं ते.

एका मोळीचं वजन तीस-पस्तीस किलो. कधी चाळीस. एका कोयत्यानं दिवसाला दीड-दोन टन तोडायचं, म्हणजे पन्नासएक मोळ्या. पाच महिन्यांचा हंगाम धरा. निम्म्या मोळ्या मायच्या डोक्यावर, निम्म्या बापाच्या. पाटीवर गणित मांडून बघा, एका बाईच्या मानेवरून एका हंगामात सव्वाशे टन ऊस जातो. ह्या तोडणीचा दर जानेवारी २०२४ मध्ये चौतीस टक्क्यांनी वाढवला, टनाला तीनशे पासष्टच्या पुढं गेला, तेव्हा किती बैठका, किती संप, किती पुढाऱ्यांचे फोटो. दरावर बोलणं झालं. मानेवर कुणी बोललं नाही.

२००८ साली मी आठवीत होतो. साधी यंत्रं शिकवली तेव्हा कप्पी हा शब्द माझ्या डोक्यात बसला. एक कप्पी वर बांधली तर जोर तेवढाच लागतो, नुसती दिशा बदलते. दोन कप्प्या लावल्या, एक वर, एक ओझ्याबरोबर हलणारी, तर जोर निम्मा होतो. निम्मा! मला त्या रात्री झोप लागली नाही. तुम्हाला हसू येईल, पण पस्तीसचे साडेसतरा होतात हे कळल्यावर त्या वयात जे होतं ते मी पुढं कुठल्याही पुस्तकात अनुभवलं नाही. श्रावणभर मी मॉडेल करत होतो. बांबूच्या कामट्यांची तिपाई, शिंप्याकडून आणलेली दोऱ्याची रिकामी रिळं, सुतळी, फळीच्या तुकड्याचा ट्रक, कडब्याच्या धाटांची मोळी. सुतळी ओढली की मोळी वर जायची आणि ट्रकवर अलगद बसायची. फळी चढायचं काम नाही. वर्गात लावून दाखवलं. सर खूश झाले. म्हणाले, तालुक्याच्या प्रदर्शनाला हे जाणार.

दसऱ्यानंतर पाचव्या दिवशी ट्रक आला.

मॉडेल शाळेचं होतं, ते गेलं. माणूस बदलला. माझ्याच वर्गातला दुकानदाराचा पोरगा त्याच्यामागं उभा केला. शाळेचं नाव लिहीत नाही, सरांचंही लिहीत नाही. माणूस वाईट नव्हता, आणि प्रदर्शनाला रिकामा टेबल ठेवून त्यांना काय मिळालं असतं? डिसेंबरातल्या त्या दिवशी मी सांगली जिल्ह्यात एका फडात वाढं बांधत होतो. रात्री कोपीत पडल्या पडल्या मनात हिशेब करायचो, आज असेल का प्रदर्शन, का उद्या.

एप्रिलात परत आलो तेव्हा त्या पोरानं सगळं सांगितलं. दुसरा नंबर आला होता. परीक्षकांनी विचारलं होतं, बाळ, एका मोळीचं वजन किती असतं? त्याला काय ठाऊक. त्यानं ठोकून दिलं, दहा किलो. परीक्षकांनी मान डोलावली. त्यांनाही ठाऊक नव्हतं. दहा किलोचे पाच झाले, टाळ्या झाल्या.

"सर्टिफिकेट तू घे लेका," म्हणला. "मपल्या काय कामाचं ते."

"नाव तुपलं हाय त्याच्यावर," म्हणलं. "ठेव."

दोस्ती अजून आहे. दुकान तोच चालवतो.

ही गोष्ट मी पंधरा-सोळा वर्षं कुणाला सांगितली नव्हती. सांगण्यासारखं त्यात काही आहे असं वाटायचं नाही. असल्या गोष्टी आपल्याकडं पैशाला पासरी. मग जुलै २०२२ मध्ये एक बातमी आली आणि सगळं पुन्हा वर आलं. इस्लामपूरजवळच्या राजारामबापू इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीच्या विद्यार्थ्यांनी उसाच्या बैलगाडीसाठी एक चाक बनवलं. नाव ‘सारथी’. जुवाखाली, बैलांच्या मधोमध एक आधाराचं चाक. गाडीचा भार बैलाच्या मानेवर न येता त्या चाकावर जातो. साखर कारखान्याच्या वाटेवर टनावारी ऊस ओढणारे बैल त्या पोरांनी बघितले, त्यांना दया आली, त्यांनी डोकं चालवलं. देशभर फोटो फिरला. मोठमोठे साहेब लोक वा वा करत होते.

मीही वा वा केली. खोटं कशाला बोलू? काम अस्सल आहे. बैल मुकं जनावर, त्याच्या मानेवरचा भार उतरला तर चांगलंच. पण दोस्तहो, त्याच वाटेवर, त्याच फडात, त्याच गाडीमागं एक बाई मोळी घेऊन उभी असते. बैलाची मान दिसते आणि तिची दिसत नाही, हे कसं काय? ह्याचं उत्तर त्या विद्यार्थ्यांकडं मागू नका, त्यांनी त्यांचं काम केलं. ह्याचं उत्तर हजार-दोन हजार वर्षांच्या नजरेत आहे. डोक्यावर ओझं असलेली बाई ही ह्या देशात निसर्गाचा भाग आहे. डोंगर, नदी, झाड, डोक्यावर ओझं घेतलेली बाई. चित्रकार तिचं चित्र काढतो. कॅलेंडरवर छापतो. तिची समस्या होत नाही, आणि जिची समस्याच होत नाही तिच्यासाठी शोध कोण लावणार?

२०२१ ला तामिळनाडूतली एक शाळकरी पोरगी ग्लासगोच्या हवामान परिषदेत जगातल्या पुढाऱ्यांसमोर बोलली. कोळशाऐवजी सूर्याच्या विजेवर चालणारी इस्त्रीची गाडी तिनं बनवली होती. कोपऱ्यावरच्या इस्त्रीवाल्याच्या छातीत कोळशाचा धूर जातो हे त्या पोरीला दिसलं. दिसलं हीच मोठी गोष्ट, माझा सलाम. तरी मनात येतंच, की इस्त्रीवाल्याच्या घरात तिच्या वयाचं कुणी असेल ना? त्याला तो धूर तिच्याआधी दहा वर्षं दिसत असणार. त्याला ग्लासगोचं तिकीट का नाही?

आपल्यातले काही साथी लगेच म्हणतील, यंत्राचं कौतुक करू नको, यंत्र म्हणजे भांडवलदार. थांबा. १९४५ साली बाबासाहेबांनी काँग्रेस आणि गांधींनी अस्पृश्यांसाठी काय केलं हा हिशेब मांडणारा ग्रंथ लिहिला. त्यात गांधीवादाची चिरफाड करणारं प्रकरण आहे, ते काढून वाचा. चरख्याकडं परत चला म्हणणाऱ्यांना बाबासाहेबांनी तिथं ठणकावलंय. दोष यंत्राचा नाही, यंत्राचा फायदा मूठभरांच्या घरात कोंबणाऱ्या समाजरचनेचा आहे. ती रचना बदला, यंत्र मोडू नका. आणि यंत्र कशाला पाहिजे? तर माणसाला फुरसत मिळावी म्हणून, कारण फुरसतीशिवाय माणूस जनावरासारखाच राबत राहतो, त्याला विचार करायला, वाचायला, माणूस म्हणून जगायला वेळ उरत नाही. आमचा बाप यंत्राच्या बाजूचा होता. मी माझ्या मायच्या मानेची शपथ घेऊन यंत्राच्या बाजूचा आहे.

आता यंत्र नाही असंही नाही. ऊस तोडायचं हार्वेस्टर महाराष्ट्रात आलंय. किंमत कोटीच्या घरात. सरकारनं २०२३ साली त्याला अनुदान जाहीर केलं, किमतीच्या चाळीस टक्के किंवा पस्तीस लाख, जे कमी असेल ते. पस्तीस लाख! एका कोयत्याचा अख्खा हंगाम लाख-सव्वा लाखाचा, त्यातून उचल फिटली तर नशीब. आणि पस्तीस लाख कुणाला? ज्याच्याकडं उरलेले साठ-पासष्ट लाख घालायची ऐपत आहे त्याला. म्हणजे मायची मान सुटणार ती अशी, की मायचं कामच सुटणार. ज्या मशीननं तिला फुरसत द्यायची ते तिला उपाशी ठेवणार, कारण मशीनच्या कागदावर तिचं नाव नाही. टोळीच्या नावावर, बायकांच्या सहकारी संस्थेच्या नावावर हार्वेस्टर द्या म्हणून आपल्या कुठल्या संघटनेनं मोर्चा काढला? मला आठवत नाही. तुम्हाला आठवत असेल तर कळवा, छापू.

आणि जिथं यंत्र सहज येऊ शकतं तिथं येत नाही, त्याचंही कारण ऐकून ठेवा. गटार साफ करणारा रोबो केरळातल्या इंजिनिअरिंगच्या पोरांनी बनवला, २०१८ ला तो कामालाही लागला. गटारात माणूस उतरवायला बंदी घालणारा कायदा २०१३ चा. तरी माणूस उतरतोच आहे, मरतोच आहे. कारण माणूस स्वस्त पडतो. ज्या जातीचा माणूस स्वस्त, त्या जातीच्या कामाच्या यंत्राला गिऱ्हाईक नाही. कप्पी-दोरीला खर्च किती? हजार-दोन हजार. कारखान्याला तेवढेही जड नाहीत, पण त्याची गरजच वाटत नाही, कारण फळी आहे आणि फळी चढणारी आहे.

पोरींचं तर बोलायलाच नको, पण बोलतो. तो अमेरिकेतला मेळा नववी ते बारावीच्या पोरींचा. आमच्या बीडमध्ये नववी ते बारावीच्या वयाची पोरगी काय करते? २०१९ ते २०२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत वीस ते चोवीस वयाच्या बायांना विचारलं, लग्न कधी झालं? बीड जिल्ह्यात शंभरातल्या चाळिसांहून जास्त जणींचं अठराच्या आत झालेलं. का होतं? पोरगी एकटी मागं ठेवायला भ्या वाटतं हे एक. आणि दुसरं, लग्न झालं की कोयता पुरा होतो, उचल जास्त मिळते. जे वय तिथं फलकासमोर उभं राहायचं, ते इथं फळीवर चढायचं.

आणि शोध म्हणाल तर आमच्या जिल्ह्यानंही एक लावलाय. हंगामात बाईला पाळी आली, दुखायला लागलं, एक दिवस बसली की खाडा, खाड्याला दंड. ह्या समस्येवर ह्या व्यवस्थेनं काय उपाय काढला? संडास बांधला? पाण्याची टाकी आणली? सुट्टी दिली? नाही. पिशवीच काढून टाकली. २०१९ मध्ये नीलम गोऱ्हे ह्यांच्या समितीपुढं बीडचे आकडे आले. ८२,३०९ ऊसतोड बायांची पाहणी, त्यातल्या १३,८६१ जणींचं गर्भाशय काढलेलं. कित्येकींचं वय तिशीतलं. हा प्रकल्प कुठल्या मेळ्यात मांडायचा? फलकावर काय लिहायचं? उद्देश, साहित्य, कृती, निष्कर्ष?

आता थोडं आपल्याकडं वळतो. रागवा, पण ऐका. आपली चळवळ कवितेनं पेटली, मला त्याचा अभिमान आहे, ती कविता नसती तर माझ्यासारखा लिहायला बसलाच नसता. पण पन्नास वर्षांत आपण किती कवितासंग्रह काढले आणि किती कप्प्या बनवल्या? विज्ञान म्हणलं की आपल्याकडं अंधश्रद्धेवर भाषण होतं. बुवा नाही, भूत नाही, देव नाही. बरोबर आहे सगळं. पण ते झालं विज्ञानाचं अर्धं अंग, नाकारायचं. बनवायचं दुसरं अंग आपण त्यांच्यावर सोडून दिलं. विद्यापीठाच्या नावासाठी १९७८ ते १९९४ सोळा वर्षं लढलो, घरं जळाली, माणसं गेली, नाव मिळवलं. त्याच विद्यापीठाच्या लॅबची चावी धारूरच्या आठवीच्या पोराला एक दिवस मिळावी म्हणून आपण एक अर्ज तरी केला का? आपली पोरं आज आयटीआयमध्ये आहेत, पॉलिटेक्निकला आहेत, पुण्यात कंपन्यांत सीएनसी मशीन चालवतात. जयंतीला त्यांच्याकडून डीजेची वर्गणी घेतो. त्यांच्या हातातली कला कधी मागितली?

सरकारची एक योजना आहे, इन्स्पायर-मानक. शाळेनं पोरांच्या कल्पना ऑनलाईन पाठवायच्या, निवड झाली की पोराच्या खात्यात दहा हजार रुपये मॉडेलसाठी. पुढं जिल्हा, राज्य, देश, आणि वरच्या काही पोरांना जपानची वारी. चांगली योजना. कल्पना पाठवायचे महिने अलीकडं साधारण जून ते सप्टेंबर, म्हणजे आमची पोरं गावात असतात तेव्हा. मग अडतं कुठं? अडतं ते कल्पना कशाला म्हणायचं ह्याच्यावर. शाळेत कुणी पोराला विचारतच नाही, की तुझ्या घरी दुखतं कुठं? स्मार्ट डस्टबिन, पाऊस आला की आपोआप मिटणारी दोरी, लेझरचा चोरघंटा. दुकानातून किट आणायचं, चिकटवायचं. ज्या पोराच्या आईची मान वाकडी झालीय ते पोरगं कचऱ्याच्या डब्याचं झाकण आपोआप उघडतं कसं ते पाठ करत बसतं. आणि ज्याची कल्पना चुकून लागलीच, त्याला मॉडेल घेऊन जिल्ह्याला जायची वेळ येईपर्यंत ट्रक लागलेला असतो.

कुणी म्हणेल, आता हंगामी वसतिगृहं आहेत, पोरं मागं राहतात. आहेत. काही गावांत नीट चालतात, पोरं आजीजवळ निजतात, शाळेत दोन वेळचं जेवतात. माझ्या वेळेला एवढंही नव्हतं, म्हणून मी त्याला नावं ठेवणार नाही. पण तिथं पोरगं सांभाळलं जातं, एवढंच. संध्याकाळी पाच ते नऊ ते काय करतं? भिंतीला टेकून बसतं आणि आईचा फोन येतोय का बघतं. त्या चार तासांत तिथं एक पेटी अवजारं, एक तराजू, चार कप्प्या, थोडी तार आणि एक शिकवणारा माणूस का असू नये?

माझ्या मागण्या मोठ्या नाहीत. तालुक्याचं विज्ञान प्रदर्शन ऊसतोडीच्या तालुक्यांत तरी दसऱ्याच्या आधी भरवा. परीक्षकांत एक ऊसतोड बाई बसवा. मोळीचं वजन कुणी दहा किलो सांगितलं तर ती तिथंच हसेल. डोकी सेंटरला फळीच्या जागी चढवायचं साधन देणं कारखान्यावर बंधनकारक करा. आणि हार्वेस्टरचं अनुदान टोळीला, पहिलं टोळीतल्या बायांना.

मागच्या हंगामाला निघायच्या आधी मी पुण्यातल्या जुन्या बाजारातून एक लटकता काटा आणला, शंभर किलोपर्यंतचा. मायला दिला. म्हणलं, रोज तीन मोळ्या जोखायच्या, वहीत लिहायच्या. ती म्हणाली, "आन् मुकादमानं बघितलं तर?" म्हणलं, बघू दे. "तसं न्हाई," म्हणाली, "त्याला वाटंल ह्यो वजनात घोळ काढायला आणलाय." मला हे सुचलंच नव्हतं. काट्याचा दुसरा उपयोग तिनं एका वाक्यात काढला होता. तिनं काटा गोधडीत गुंडाळून नेला. एप्रिलात वही परत आली. बहिणीच्या पोरीनं आकडे लिहिलेले, ती चौथीत आहे. चौतीस, छत्तीस, एकतीस, एकोणचाळीस, पस्तीस. कडेला एके ठिकाणी लिहिलंय, आज आजी पडली, मोळी जोखली नाय.

ती वही माझ्याकडं आहे. येत्या पावसाळ्यात, श्रावणातल्या दुसऱ्या रविवारी, आम्ही पाच-सहा जण वस्तीवरच्या विहाराच्या अंगणात खऱ्या मापाची तिपाई उभी करणार आहोत. खरा ट्रक मिळाला नाही तर भिंतीवर दहा फुटांची खूण करू. दोरी, दोन कप्प्या, लोखंडी पाइप एवढं जमलंय. वेल्डिंग येणारा माणूस पाहिजे. बेअरिंगची माहिती असलेला पाहिजे. तिपाई फडातल्या चिखलात रुतणार नाही अशी तळाची पट्टी कशी करायची ते अजून सुचलेलं नाही, आणि उभी करून मोडायला पाच मिनिटांच्या वर वेळ लागला तर बाया ती वापरणार नाहीत असं मायनं आधीच बजावलंय. मोळ्या बांधायला वस्तीवरच्या बाया आहेत. धारूरपर्यंत एसटी येते, पुढं चार किलोमीटर चालायला लागेल. राहायची-जेवायची सोय आमच्याकडं. येणाऱ्यानं अंकाच्या पत्त्यावर एक कार्ड टाकावं, म्हणजे भाकरीचा अंदाज येईल.

जयभीम.